गावात प्रेशर तपासणी: मंडप घालण्याआधी वही आखा

आमच्या पहिल्या शिबिरानंतर चार महिन्यांनी मी गोव्यातल्या आमच्या वाड्यावरच्या एका गवंड्याच्या घरी गेले होते. देव्हाऱ्याशेजारी आमचे तपासणी कार्ड लॅमिनेट करून टांगलेले. आकडा माझ्याच अक्षरातला, १७२/१०४, आणि खाली 'डॉक्टरांना भेटा' एवढेच. "बाय, तुम्ही तपासलंत तेव्हापासून एकदम बरं आहे," तो म्हणाला. गोळी एकही घेतली नव्हती. कोणत्या डॉक्टरांना, कोणत्या वारी, काय घेऊन भेटायचे हे कार्डावर नव्हतेच, आणि आमच्यापैकी कोणी त्याला फोनही केला नव्हता. शिबिराचा फोटो मात्र पेपरात आला होता. पाहुणे, शाल, श्रीफळ, सगळे त्यात होते.

तीस वर्षे नर्स म्हणून काढून मी ही चूक केली. त्यामुळे खाली लिहिलेला क्रम उलटा वाटेल. मशीन आणि मंडप नंतर येतात. आकडा जास्त आलेला माणूस दुसऱ्या दिवशी कुठे जाणार, हे आधी ठरते.

एवढा खटाटोप कशाला

प्रेशर वाढले तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. "म्हाका कांयच ना" म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो, त्याला खरोखरच काही होत नसते. डोके दुखले म्हणजे प्रेशर आणि नाही दुखले म्हणजे नाही, ही समजूत मी शिकल्यासवरल्या घरांतही ऐकली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार ३० ते ७९ वयाच्या दर तिघांत एकाला उच्च रक्तदाब आहे, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना ते ठाऊक नाही आणि पाचांतल्या चौघांवर पुरेसे उपचार होत नाहीत. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षांवरील पुरुषांत २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के जणांचे प्रेशर वाढलेले होते किंवा त्यांना त्याची गोळी चालू होती. गोव्यासाठी यात आणखी एक गोष्ट मिसळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब या मधुमेहाच्या अभ्यासाचे देशभरातले निष्कर्ष २०२३ मध्ये आले, तेव्हा मधुमेहात गोवा २६.४ टक्क्यांसह देशात पहिला होता. शुगर आणि प्रेशर एकाच माणसात जमले की मूत्रपिंड, डोळे आणि हृदय तिन्हींवर एकदम भार येतो.

आकडे किती धोक्याचे? २००२ मध्ये दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून झालेल्या अभ्यासाने दाखवले की ४० ते ६९ वयात, ११५/७५ पासून पुढे, वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. उलट बाजूने, औषधाने वरचा आकडा ५ ने उतरला तरी हृदयविकार आणि पक्षाघाताचे मोठे झटके साधारण १० टक्क्यांनी कमी होतात. शिबिरात आपण २१०/१२० वाला सापडला की दचकतो. पण असे गावात एक-दोन. १५० आणि १५५ वाले कितीतरी, आणि गावातले बरेचसे पक्षाघात त्या गर्दीतूनच येतात. सार्वजनिक आरोग्याचे गणित हे असे आहे, म्हणून दवाखान्यात कोण येतो याची वाट न पाहता वाड्यावर जावे लागते.

हृदयविकाराचा झटका आलेल्याला वेळेत ईसीजी आणि इंजेक्शन मिळावे म्हणून गोव्यात स्टेमी प्रकल्प चालतो, १०८ ची रुग्णवाहिका आहे, शेवटी बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज आहे. ती सगळी वाटेच्या त्या टोकाची सोय. आपण या टोकाला उभे राहतो.

महिनाभर आधी: आरोग्य केंद्र

तुमच्या भागाचे प्राथमिक किंवा सामुदायिक आरोग्य केंद्र कोणते ते बघा आणि तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना जाऊन भेटा. पत्र नुसते टेबलावर ठेवून येऊ नका. चार गोष्टी विचारून लिहून घ्या: प्रेशर-शुगरचे रुग्ण कोणत्या वारी, किती वाजता बघतात, केस पेपर कुठे निघतो, गोळ्यांचा साठा किती आहे आणि एका वेळी किती दिवसांच्या देतात, आमचे कार्ड घेऊन आलेल्याला कोण भेटेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर एका माणसाच्या नावात यायला हवे, 'कोणीही' चालत नाही.

सरकारचा असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम २०१० पासून आहे आणि त्यात ३० वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी अपेक्षित आहे. म्हणजे तुम्ही त्यांच्यावर उपकार करत नाही, त्यांच्याच कामाला हातभार लावता. एएनएम बाईंना (उपकेंद्राच्या परिचारिका) आणि पुरुष आरोग्यसेवकाला शिबिराला बोलवा. घरोघरची माहिती त्यांच्याकडे असते आणि सरकारी नोंदही त्यांच्याकडूनच होते.

साठा नाही, दिवस ठरत नाही, माणूस मिळत नाही असे असेल तर शिबिर पुढे ढकला. उपचाराची सोय नसताना तपासणी करू नये, हा नियम जागतिक आरोग्य संघटनेने छापलेल्या विल्सन आणि युंगनर यांच्या निकषांत १९६८ पासून आहे. मला तो गवंड्याने शिकवला.

वही

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. डाव्या पानावर त्या दिवसाची नोंद: नाव, वय, वाडा, स्वतःचा फोन आणि शेजाऱ्याचा किंवा मुलाचा फोन, आधी प्रेशर होते का, गोळी चालू आहे का, आज घेतली का, शुगर, तंबाखू, मोजलेले आकडे आणि नाडी. उजवे पान रिकामे, फक्त चार चौकोन: पहिला फोन, केंद्रात पोहोचला का, गोळी सुरू झाली का, तीन महिन्यांनंतरचा आकडा. उजवे पान भरणाऱ्या दोघांची नावे शिबिराआधीच ठरवा. आमच्याकडे महिला मंडळाच्या दोघी हे करतात. तरुण मंडळाने एक्सेल करून दिले होते, ते ज्याच्या लॅपटॉपवर होते तो बोटीवर नोकरीला गेला.

वही कपाटात कुलपात राहते. कोणाचे प्रेशर किती ही गावभर चर्चेची गोष्ट नव्हे, आणि तिचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नाहीच.

कधी, कुठे

गोव्यात कॅलेंडर बघून तारीख ठरवावी लागते. सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात दुपारपर्यंत घरात कोणी नसते. किनाऱ्यावर ऑक्टोबरपासून टॅक्सीवाले, शॅकवाले, हॉटेलात काम करणारे हाती लागत नाहीत. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर धक्क्याला लागलेले आणि माणसे जाळी विणत बसलेली. मच्छीमार वाड्यांसाठी याहून चांगला काळ नाही. पर्यटनाच्या लोकांसाठीही पावसाळाच बरा.

जत्रेत शिबिर घेऊ नका. सगळ्यांना ते सुचते, कारण गर्दी आयती असते. पण माणूस चढ चढून आलेला, लाउडस्पीकर कानाशी, हातात खाजे, आणि मागे दहा जण रांगेत. तो आकडा त्याचा नसतो, जत्रेचा असतो. आमचे पहिले शिबिर सभामंडपात होते आणि पलीकडे भजनी मंडळाची तालीम चालू होती. पखवाज थांबला की आकडे उतरत, हे दुपारी लक्षात आले!

शांत खोली हवी: अंगणवाडी, पंचायतीचे सभागृह, चॅपलशेजारचा हॉल. सकाळी साडेआठ ते साडेबारा. आणि एक गोष्ट पक्की समजा, की आलेल्यांत बायका आणि म्हातारी माणसे जास्त असणार. ज्यांना सर्वाधिक गरज ते चाळिशीचे पुरुष येत नाहीत. त्यांच्यासाठी कुंडई किंवा वेर्ण्याच्या एखाद्या कारखान्यात पाळी बदलताना, पायलटांच्या (मोटरसायकल टॅक्सीवाले) स्टँडजवळच्या एखाद्या दुकानात, खाजगी बसवाल्यांच्या सुट्टीच्या दिवशी अशी वेगळी बैठक ठेवा.

मशीन

दंडावर पट्टा बांधायचे डिजिटल मशीन घ्या, तेही मान्यताप्राप्त चाचणीतून गेलेले मॉडेल. खोक्यावरच्या जाहिरातीवर जाऊ नका, डॉक्टरांकडून मॉडेल विचारून घ्या. मनगटाचे मशीन शिबिरात नको. पाऱ्याची यंत्रे आता बाद होत चालली आहेत. घड्याळासारख्या तबकडीचे मशीन वापरणार असाल तर ते दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावे लागते, जे कोणी करत नाही.

पट्टे दोन मापांचे लागतातच. दंडाचा घेर टेपने मोजा: साधारण २२ ते ३२ सेंटीमीटरला मधला, ३२ ते ४२ ला मोठा, आणि पट्ट्यावर छापलेले माप खरे माना. २०२३ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात मोठा पट्टा लागणाऱ्यांना मधला बांधला तर वरचा आकडा सरासरी ५ ने, आणि त्याहून मोठा लागणाऱ्यांना तब्बल २० ने जास्त आला. म्हणजे जाड दंडाच्या माणसाला पट्ट्यामुळेच प्रेशरचा रुग्ण ठरवता येते.

गणितही आधी करून ठेवा. दोनदा मोजणे, लिहिणे आणि दोन शब्द बोलणे यांत माणशी पाच मिनिटे जातात. दोन टेबले आणि चार तास म्हणजे कागदावर ९६, प्रत्यक्षात ८०. तीनशेचा आकडा हवा असलेल्या आयोजकांना हे आवडत नाही. त्यांना फुगे फुगवायला सांगा.

मोजणे

इथे घाई केली तर बाकी सगळे फुकट.

आलेल्याला आधी विचारा: अर्ध्या तासात चहा-कॉफी, विडी, तंबाखू? असेल तर थांबवा. लघवीला जाऊन या म्हणावे, लाजायचे कारण नाही, भरलेल्या मूत्राशयाने आकडा वर जातो. मग पाठ टेकायच्या खुर्चीवर पाच मिनिटे गप्प. अशा सहा-आठ खुर्च्या मांडा. बाक चालत नाही आणि प्लास्टिकचे स्टूल तर नाहीच. तिथे टीव्ही किंवा भाषण नको.

टेबलाशी आल्यावर पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाहीत. बुटक्या बायकांचे पाय लोंबतात, त्यांच्यासाठी पाट ठेवा. हात टेबलावर, छातीच्या पातळीला, तळवा वर. टेबल खाली असेल तर हाताखाली चादरीची घडी द्या. २०२४ च्या एका अभ्यासात हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने आणि बाजूला लोंबता ठेवला तर साडेसहाने जास्त आला. एवढ्याने १३५ चा १४१ होतो.

पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटे वर, एक बोट जेमतेम सरकेल एवढा घट्ट. शर्टाची बाही वर गुंडाळून तिचा दोर झाला तर आकडा चुकतो, म्हणून बाही काढूनच घ्या. ब्लाऊजच्या घट्ट बाह्यांसाठी आडोसा आणि बाईमाणूस हवेच. डायलिसिसची फिस्टुला (त्यासाठी जोडलेली रक्तवाहिनी) असलेला किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात वापरायचा नाही.

मशीन चालू असताना कोणी बोलायचे नाही. आपणही नाही. हे सर्वांत कठीण, कारण आपल्याकडे माणूस समोर बसला की "मुलगा कुठे असतो" हे आलेच. एक मिनिट थांबून दुसऱ्यांदा मोजा, सरासरी लिहा. दोन आकड्यांत दहाहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजा. आकडा जास्त आला तर दुसऱ्या हातालाही मोजा आणि ज्या हाताचा जास्त तो धरा. नाडी बोटांनीही बघा. ती वाकडीतिकडी लागत असेल तर डिजिटल मशीनवर विसंबू नका, डॉक्टरांकडे पाठवा.

आकडा मोठ्याने वाचायचा नाही. लिहून दाखवायचा. मागच्या खुर्चीवर विहीण बसलेली असते.

आकड्यानंतर काय सांगायचे

'तुम्हाला प्रेशर आहे' हे शिबिरात कोणी म्हणायचे नाही. 'आज जास्त आला, दुसऱ्या दिवशी परत मोजून डॉक्टर ठरवतील' असे म्हणायचे. घाबरून वर गेलेला आकडा घरी उतरतोही. आमची विभागणी अशी:

१३०/८५ च्या खाली असेल तर वर्षाने परत. १३० ते १३९ किंवा ८५ ते ८९ असेल तर सहा महिन्यांनी, आणि मिठाबद्दल बोलणे.

१४० ते १५९ किंवा ९० ते ९९: महिन्याच्या आत केंद्रात, वार आणि वेळ कार्डावर लिहून.

१६० ते १७९ किंवा १०० ते १०९: याच आठवड्यात, आणि फोन आपण करायचा.

१८०/११० किंवा वर: पंधरा मिनिटे बसवून परत मोजा. तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर. सोबत छातीत दुखणे, धाप, तोंड वाकडे, हातापायातली शक्ती जाणे, बोबडे बोलणे, दिसण्यात फरक यांतले काहीही असेल तर १०८ ला फोन, चर्चा नाही. आणि जिभेखाली कॅप्सूल फोडून आकडा झटकन पाडायचा जुना उपाय कोणी सुचवला तर हात जोडून नकार द्या. प्रेशर एकदम कोसळून मेंदूचा रक्तपुरवठा तुटू शकतो.

गरोदर बाईचा आकडा १४०/९० झाला तर वरची विभागणी लागू नाही. तिला त्याच दिवशी पाठवायचे.

शिबिरात गोळ्या वाटू नका. ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन ही नावे आता घरोघरी आहेत, तरी सुरू करणे केंद्राचे काम. आपले काम वेगळे आहे. आधीच गोळी चालू असलेला आणि तरीही १६० वर असलेला माणूस सापडला की त्याच्याजवळ बसा. बहुतेक वेळा त्याने 'नॉर्मल आले' म्हणून बंद केलेली असते, किंवा शेजारणीची गोळी घेतो, किंवा गुडघेदुखीच्या गोळ्या रोज खातो, ज्यांनी प्रेशर वाढते. नवीन रुग्ण शोधण्याइतकेच हे मोलाचे.

मिठाबद्दल 'कमी खा' म्हणणे व्यर्थ आहे. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. आता आपल्या ताटात बघा: सकाळी पेजेबरोबर तोंडी लावायला खारातली तोरे (कच्चे आंबे), दुपारी सुका बांगडा, पावसाळ्यात पुरुमेंताचे (साठवणीचे) सगळे डबे, काही घरांत शोरीस (डुकराच्या मांसाचे सॉसेज), आणि रोजचा पाव, ज्यातले मीठ चवीला लागत नाही. मी काकींना एवढेच विचारते, "यांतली कुठली गोष्ट सोडवत नाही?" ती राहू द्यायची, बाकीच्यांवर बोलायचे. सुके मासे दोनदा पाण्यात भिजवून पाणी टाकून दिले तर मीठ बरेच जाते. पोटॅशियम असलेले कमी सोडियमचे मीठ मूत्रपिंडाचे रुग्ण आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. उर्राकीचा (काजूच्या दारूचा) हंगाम असेल तर तेही विचारा, पण बायको समोर नसताना.

उजवे पान

पहिला फोन सातव्या दिवशी. "गेलात का?" असे विचारले तर "जातो" असे उत्तर येते. "मंगळवारी सकाळी मी केंद्रात असेन, येता का?" असे विचारले तर माणूस येतो. निदान पहिल्या मंगळवारी आपल्यातले कोणीतरी तिथे खरोखर बसा. महिन्याने दुसरा फोन, गोळी संपण्याच्या चार दिवस आधी. तीन महिन्यांनी मशीन घेऊन घरी.

आता मोजणीचे. किती जण आले हा आकडा पेपरवाल्यांना द्या, तो त्यांना हवा असतो. पण 'गावातल्या चाळीस टक्क्यांना प्रेशर' असे काही छापू देऊ नका. शिबिराला आपल्या मनाने आलेले लोक म्हणजे गाव नव्हे, आणि एका दिवसाचा आकडा म्हणजे निदान नव्हे. मंडळाच्या बैठकीत मात्र चार आकडे ठेवा: जास्त आलेले किती, त्यांतले केंद्रात पोहोचले किती, निदान पक्के होऊन गोळी सुरू झाली किती, तीन महिन्यांनी १४०/९० च्या खाली आले किती. हे आकडे पायरीपायरीने घसरतात. कुठल्या पायरीवर सर्वाधिक माणसे गळली ते बघा आणि पुढच्या वेळी पैसा-माणसे तिथे लावा. आमच्याकडे गळती फोनपाशी नव्हती, केंद्राच्या वेळेपाशी होती. रोजंदारीवाल्याला सकाळचा खाडा परवडत नव्हता. अधिकाऱ्यांशी बोलून दर पंधरवड्याला एक संध्याकाळ मिळवली.

त्या गवंड्याचे कार्ड मी देव्हाऱ्याशेजारून उतरवायला लावले नाही. मागे मार्करने 'मंगळवार, सकाळी ९, केस पेपर खिडकी' लिहिले आणि त्याच्या सुनेचा नंबर वहीत घेतला. चौथ्या चौकोनात सध्या १४६/९२ आहे. चौथा फोन येत्या सोमवारी.